चिमूरच्या बायकांची कादंबरी कोण लिहिणार?

ब्रिटिश अमदानीवर कादंबऱ्या, पटकथा आणि मालिका लिहिणाऱ्या व दिग्दर्शित करणाऱ्या सर्वांस,



गेली काही वर्षे इंग्रजी राजवटीच्या काळावर चित्रपट, मालिका आणि कादंबऱ्या सातत्याने येत आहेत. त्यांतल्या बऱ्याच कलाकृतींत एक प्रसंग हमखास असतो. गोरा अंमलदार किंवा शिपाई घरात शिरतो, एखाद्या बाईचा हात धरतो, पदर ओढतो. ती किंचाळते. पुढच्या दृश्यात तिचा भाऊ, नवरा किंवा गावातला एखादा तरुण मुठी आवळतो आणि तिथून कथा त्याची होते. ती बाई पुन्हा दिसलीच तर चितेवर दिसते. हा प्रसंग तुम्ही वाईट हेतूने लिहिता असे मला मुळीच वाटत नाही. परकी सत्तेबद्दल प्रेक्षकाच्या मनात संताप उभा करायला तो सर्वांत जवळचा रस्ता असतो, म्हणून तो घेतला जातो. माझी तक्रार या रस्त्याबद्दल आहे. त्या काळात बायकांवर झालेले अत्याचार खरे होते, त्यांचे पुरावे आहेत, त्यांपैकी कितीतरी आपल्या महाराष्ट्रात घडले. तरीही आपल्या कथांमध्ये ते दुसऱ्याच कोणाच्या तरी पराक्रमाचे निमित्त म्हणून येतात. तिच्यावर जे गुदरले त्याबद्दल तिचे म्हणणे काय होते, आणि पुढे ती कशी जगली, हे विचारायला आपली कथा थांबत नाही.

ऑगस्ट १९४२ घ्या. इंग्रज लेखक पॉल स्कॉट यांची 'द ज्वेल इन द क्राउन' ही कादंबरी १९६६ मध्ये आली. मायापूर नावाच्या काल्पनिक शहरात 'चले जाव'चे आंदोलन पेटताच डॅफ्नी मॅनर्स या इंग्रज तरुणीवर बीबीघर बागेत सामूहिक बलात्कार होतो. तिचा प्रियकर हरी कुमार निरपराध असूनही पकडला जातो आणि मेरिक हा गोरा पोलीस अधिकारी कोठडीत त्याचा छळ करतो. १९८४ मध्ये या कादंबरीवर आणि तिच्या पुढच्या भागांवर ग्रॅनडा टेलिव्हिजनने चौदा भागांची मालिका केली, ती जगभर पाहिली गेली. त्याच ऑगस्टमध्ये आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला, नकाशावर असलेल्या खऱ्याखुऱ्या गावात, काय घडले? १६ ऑगस्टला आंदोलकांवर गोळीबार झाला, खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, आणि १९ ऑगस्टला गावात लष्कर घुसले. पुरुषांना धरून नेण्यात आले आणि घरात उरलेल्या बायकांवर शिपायांनी अत्याचार केले. नागपूरहून गेलेल्या स्त्री-कार्यकर्त्यांना गावातल्या बायकांनी ते सांगितले. सरकारने चौकशी नाकारली. प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी नोव्हेंबरमध्ये उपोषण सुरू केले, ते १२ जानेवारी १९४३ पर्यंत, ६३ दिवस चालले. त्याच्या बातम्या छापण्यावरही सरकारने बंदी घातली, तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक बंद ठेवून निषेध केला.

चिमूर आपण विसरलो आहोत असे नाही. तिथले हुतात्मे आठवतात, तुकडोजी महाराजांची भजने आठवतात, भन्साळींचे उपोषण आठवते, फाशीची शिक्षा झालेल्यांना सोडवण्यासाठी झालेली धडपड आठवते. हे सारे आठवावे असेच आहे. पण ज्यांच्यावर अत्याचार झाला म्हणून भन्साळी ६३ दिवस उपाशी राहिले, त्या बायका या आठवणीत एका वाक्यापुरत्या येतात. स्कॉट यांच्या कादंबरीतले बलात्कारी बिनचेहऱ्याचे देशी गुंड आहेत, आणि हा दोष लहान नाही. तरीही डॅफ्नीला त्यांनी तिची स्वतःची वही दिली. तिच्यावर काय झाले, ती कोणावर प्रेम करत होती, ती गप्प का राहिली, हे ती स्वतः पानेच्या पाने लिहिते. काल्पनिक डॅफ्नीला जे मिळाले ते खऱ्या चिमूरमधल्या एकाही बाईला मराठी कादंबरीने त्या तोडीने दिलेले नाही. त्या गावाची भाषा आपली आहे, म्हणून ही उणीव आपल्याच खाती मांडली पाहिजे.

बाईवरच्या अत्याचाराचा असा वापर करण्याची रीत साम्राज्यानेच आधी पक्की केली, हेही ध्यानात घ्यायला हवे. जुलै १८५७ मध्ये कानपूरच्या बीबीघरात सुमारे दोनशे इंग्रज स्त्रिया आणि मुले मारली गेली. ती कत्तल भयानक होती. पण इंग्लंडला ती पुरेशी वाटली नाही. तिथे बलात्काराच्या कहाण्या पसरल्या. आग्र्याहून विल्यम म्यूर यांनी याबाबत चौकशी केली तेव्हा तशा सरसकट अत्याचारांचा पुरावा मिळाला नाही. कहाण्या मात्र थांबल्या नाहीत, कारण सूडाला त्या हव्या होत्या. जनरल नीलने कैद्यांना फाशीपूर्वी बीबीघरातले रक्त जिभेने चाटायला लावले ते याच हवेत. मिस व्हीलर या तरुणीने आपल्याला पळवणाऱ्यांना ठार करून विहिरीत उडी घेतली, अशी कथा चित्रांतून आणि रंगभूमीवरून वर्षानुवर्षे सांगितली गेली. १८६५ मध्ये जॉर्ज ट्रेव्हेल्यन यांनी ती खोटी असल्याचे आणि ती मुलगी पळवणाऱ्याच्या घरी जिवंत असल्याचे लिहिले. जिवंत राहिलेली आणि पुढचे आयुष्य तिथेच काढणारी मुलगी साम्राज्याच्या उपयोगाची नव्हती, मेलेली होती. जोसेफ नोएल पेटन या चित्रकाराने १८५८ मध्ये लंडनमध्ये मांडलेल्या चित्रात भेदरलेल्या इंग्रज स्त्रियांच्या दारात शिपाई शिरताना दाखवले होते. लोकांना ते सोसवेना, म्हणून त्याने शिपायांच्या जागी सुटकेला आलेले स्कॉटिश सैनिक रंगवले. बाया जशा होत्या तशाच राहिल्या, दारातले पुरुष तेवढे बदलले. १९१९ मध्ये अमृतसरला मार्सेला शेरवुड या मिशनरी बाईला जमावाने मारहाण केली आणि तिथल्याच हिंदी लोकांनी तिला वाचवले. ज्या गल्लीत तिला मारहाण झाली त्या गल्लीतून जनरल डायरने लोकांना पोटावर सरपटत जायला लावले. तिला वाचवणारे लोक त्या हुकुमात कुठेच बसत नव्हते.

आता आपल्याकडे वळू. आपण ही रीत उलटी केली, मोडली नाही. दीनबंधू मित्रांच्या १८६० सालच्या 'नीलदर्पण' या बंगाली नाटकात निळीच्या मळ्याचा गोरा मालक क्षेत्रमणी या गरोदर शेतकरी मुलीवर हात टाकतो आणि त्या आघाताने ती मरते. नाटक निर्भय होते. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. पण रंगभूमीवर ज्या प्रवेशाने थरार उडे तो तोराप या शेतकऱ्याने मालकाला बदडण्याचा. १८७५ मध्ये लखनौच्या प्रयोगाला बसलेले गोरे प्रेक्षक त्याच प्रवेशाला खवळून रंगमंचाकडे धावले होते. मराठीत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये आले. प्रेक्षकांना त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे हिंदभूमी हे सांगावे लागत नव्हते, सरकारलाही लागले नाही. १९१० मध्ये त्यावर बंदी आली. त्या काळी उघड बोलायची सोय नव्हती आणि रूपकाचा आडोसा घेणे भागच होते, खाडिलकरांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण रूपकाची किंमत कोणी मोजली तेही सांगितले पाहिजे. अपमानित स्त्री म्हणजे देश असे एकदा ठरले की खऱ्या बाईवरचा अत्याचार देशाच्या अपमानाइतकाच महत्त्वाचा ठरतो, त्याहून अधिक नाही. ज्या अत्याचारात देशाचा अपमान दिसत नाही, तो मग दिसेनासाच होतो. आता तर कर्झनही नाही आणि बंदीही नाही. तरीही २०२२ च्या 'आरआरआर'मध्ये गोंड मुलगी मल्ली इंग्रज बाईने उचलून नेण्यासाठी असते, तिची आई लाकडाचा घाव खाण्यासाठी असते, आणि बाकीचा चित्रपट दोन पुरुषांच्या मैत्रीचा असतो. शंभरहून अधिक वर्षांत आपण इतकेच पुढे आलो आहोत.

या साऱ्याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्यातले आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीचा कायदा आला, वॉल्टर रँड पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख झाले आणि गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर तपासणीला फिरू लागल्या. देवघरापर्यंत बूट गेले, सामान बाहेर फेकले गेले, बायकांशी अनुचित वागणूक झाल्याच्या तक्रारी झाल्या. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वृत्तपत्राला सांगितले की सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांतल्या एकीने आत्महत्या केली. गोखले मुंबईत उतरले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही पुरावा घेऊन उभे राहायला तयार नव्हते, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. माफीबद्दल त्यांना आयुष्यभर बोल लावले गेले. पण ज्या दोन स्त्रियांबद्दल ते बोलले त्या कोण होत्या, होत्या की नव्हत्या, हे विचारण्यापेक्षा गोखले भित्रे की प्रामाणिक हा वाद आपल्याला मोलाचा वाटला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या कथेने मग सारी जागा व्यापली. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या १९७९ च्या संयत, अभ्यासपूर्ण चित्रपटाचे नावच मुळी '२२ जून १८९७' आहे. आणि गंमत म्हणून नव्हे तर दुःखाने सांगतो, त्याच दिवसांत एक स्त्री स्वतःच्या नावाने बोलली होती. पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयातली आणि छावणीतली स्त्रियांची दैना मांडली, आपल्या आश्रमातल्या एका मुलीचे तिथे काय झाले ते सांगितले. सरकारने ते फेटाळले. पुण्यातल्या सनातन्यांना धर्मांतर केलेल्या रमाबाई आपल्या वाटत नव्हत्या. त्यामुळे ज्या एकमेव बाईचा लेखी शब्द हाती होता, तिच्याभोवती ना चित्रपट उभा राहिला ना नाटक.

गोखल्यांच्या या माफीशेजारी आणखी एक माफी ठेवून पाहा. इंग्रज लष्कराने छावण्यांतून सोजिरांसाठी 'लाल बाजार' नावाचे कुंटणखाने चालवले. १८६४ चा कँटोन्मेंट कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांच्या आधारे त्या बायकांची नोंदणी होई, ठरावीक मुदतीने सक्तीची शारीरिक तपासणी होई, रोग आढळल्यास लॉक हॉस्पिटलात कोंडले जाई. जून १८८६ मध्ये लष्कराच्या मुख्यालयातून परिपत्रक निघाले, त्यात पलटणीच्या बाजारात पुरेशा आणि पुरेशा आकर्षक स्त्रिया असाव्यात अशी सूचना होती. १८८८ मध्ये ते विलायतेत उघडकीला आले आणि गदारोळ झाला. सांसर्गिक रोगांचा कायदा रद्द झाला, पण व्यवस्था चालूच असल्याचा संशय होता. १८९१-९२ च्या हिवाळ्यात एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरिन बुशनेल या दोन अमेरिकी स्त्रिया उत्तर हिंदुस्थानातल्या छावण्यांत गेल्या, त्या बायकांशी बोलल्या आणि त्यांनी सांगितलेले लिहून घेतले. लष्करप्रमुख राहिलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी आधी इन्कार केला, पण १८९३ मध्ये त्यांना त्या दोघींची माफी मागावी लागली. चार वर्षांच्या अंतराने या दोन माफ्या झाल्या. जिथे बायकांचे शब्द कोणीतरी टिपून घेतले तिथे साम्राज्याचा सेनापती वाकला, आणि जिथे ते फक्त पुरुषांच्या पत्रांतून फिरले तिथे आपल्या नेत्याला वाकावे लागले. तुमच्या कामाशी याचा थेट संबंध आहे. बाईला बोलू न देणारी कथा अत्याचार करणाऱ्याच्या सोयीची ठरते, लेखकाचा हेतू कितीही देशभक्तीचा असो.

लाल बाजारांविषयी आपल्या चित्रपटांनी काय केले? केतन मेहता यांच्या २००५ च्या 'मंगल पांडे' मध्ये हिरा गोऱ्यांसाठीच्या कोठीवर विकली जाते. हा विषय मोठ्या पडद्यावर आणल्याबद्दल त्या चित्रपटाला श्रेय दिलेच पाहिजे. पण तिथे कोठी लोल बीबीच्या मालकीचा खाजगी धंदा आहे. पलटणीची वही, तपासणी, कोंडवाडा यांतले काहीच दिसत नाही. हिरा मंगलच्या वाट्याला येते. सतीच्या चितेवरून वाचवलेली ज्वाला तिला वाचवणाऱ्या कॅप्टन गॉर्डनच्या वाट्याला येते. देशी पुरुषाने जाळायचे आणि गोऱ्या पुरुषाने वाचवायचे, ही साम्राज्याने स्वतःबद्दल सांगितलेली आवडती गोष्ट आपल्या पडद्यावर जशीच्या तशी उतरली. पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली, कामठी या छावण्या आपल्याच आहेत. तिथल्या बायका बहुतेक गरीब, खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या, दुष्काळाने घरातून बाहेर पडलेल्या. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली हजेरी देत जगणाऱ्या, सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या तारेच्या कुंपणात राहिलेल्या बायकाही आपल्याच. पण आपल्या कथेतली विटंबना होते ती जवळजवळ नेहमी वाड्यातल्या किंवा पाटलाच्या घरच्या सुनेची. ज्या बाईच्या इज्जतीला समाजाने कधी किंमतच दिली नाही तिच्यावर अत्याचार झाला, तर चित्रपटाला राग कसा आणावा हे कळत नाही. हा जातीचा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही तसाच ओळखावा अशी माझी विनंती आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मी गंभीरपणे घेतो. घरातल्या, आपल्या पुरुषांनी केलेल्या अत्याचारांविषयी बोललो तर परक्या सत्तेचा गुन्हा सौम्य होतो, साम्राज्यवाद्यांच्या हातात कोलीत मिळते, असे म्हटले जाते. त्याला उत्तर रखमाबाईंच्या खटल्यात आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत, म्हणून दादाजी भिकाजीने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी फर्मावले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. टिळकांची वृत्तपत्रे दादाजीच्या बाजूने होती. बाईला नवऱ्याच्या घरी ढकलणारा हा दावा कुठल्या धर्मशास्त्रातून आला होता? तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता. गोऱ्यांचा कायदा आणि आपला कर्मठपणा यांनी एका मराठी मुलीला दोन्ही बाजूंनी धरले होते. कलकत्त्याला फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीच्या नवऱ्याच्या संभोगाने मेली, तेव्हा १८९० मध्ये त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बलात्काराचा आरोप लागूच होत नव्हता, कारण इंग्रजांनीच १८६० मध्ये केलेल्या दंड संहितेत दहा वर्षांवरच्या बायकोशी नवऱ्याने केलेला संभोग बलात्कार नव्हता. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. तिला विधवा करून कोंडणारे आपण होतो आणि फाशी सुनावणारे ते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले ते याच खटल्याने पेटून. अशी कथा लिहिल्याने साम्राज्याचा गुन्हा कमी होत नाही, उलट तो किती खोल गेला होता हे दिसते. अनंत महादेवन यांनी २०१६ मध्ये रखमाबाईंवर मराठी चित्रपट केला, तो असा विचार होऊ शकतो याचा पुरावा आहे. आनंदीबाई जोशी यांच्यावरचा 'आनंदी गोपाळ' हा चित्रपट मात्र २०१९ मध्ये प्रामुख्याने नवऱ्याच्या ध्यासाची गोष्ट बनला. आनंदीबाईंनी अमेरिकेहून गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रात दहाव्या वर्षी लाकडाने खाल्लेला मार आणि बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या-पुस्तकांची आठवण करून दिली होती. ते पत्र प्रेमाचेही आहे आणि जाबाचेही. दोन्ही पेलणारी पटकथा अजून व्हायची आहे.

हे सगळे जुने झाले, असेही कोणी म्हणेल. तसे ते झालेले नाही. हिंदुस्थानी बायका बलात्काराच्या खोट्या तक्रारी करतात, म्हणून तिच्या शब्दापेक्षा शरीरावरच्या खुणा पाहा, ही शिकवण नॉर्मन चिव्हर्स यांच्या १८५६ च्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथासारख्या पुस्तकांतून डॉक्टरांच्या पिढ्यांना मिळाली. १८७२ च्या पुरावा कायद्यात तक्रारदार स्त्रीचे चारित्र्य काढून तिची साक्ष पाडायची मुभा होती. ती २००२ च्या दुरुस्तीने गेली. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूरच्याच जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला, आणि अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ ची कायदा-दुरुस्ती घडवली. 'दोन बोटांची' तपासणी बंद करण्याची सक्त ताकीद सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्येही द्यावी लागली. नवऱ्याला दिलेली सूट नव्या न्याय संहितेतही आहे, वय तेवढे अठरा झाले. नांदायला लावण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे. एक क्रूर गोरा साहेब मारून चित्रपट संपतो तेव्हा प्रेक्षक घरी जातो तो हे सगळे संपले या समजुतीने.

दुसरा आक्षेप साधनांचा. बायकांनी काही लिहून ठेवले नाही, मग आम्ही आणायचे कुठून? रखमाबाईंची १८८५ ची 'टाइम्स ऑफ इंडिया'तली पत्रे आहेत, ताराबाई आहेत, रमाबाई आहेत, आनंदीबाईंची पत्रे आहेत. १८५८ च्या झाशीची लूट आणि कत्तल प्रत्यक्ष पाहिलेल्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आहे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात खटले, अर्ज, तक्रारी, लष्करी पत्रव्यवहार आहे. जिथे खरोखरच काही नाही तिथे कल्पना चालवणे हाच तर कादंबरीकाराचा अधिकार. फक्त तो अधिकार किंकाळीपाशी थांबू नये. दुसऱ्या दिवशी ती उठली, पाणी भरायला गेली तेव्हा पाणवठ्यावर काय झाले, नवऱ्याने घरात घेतले का, मूल झाले असेल तर त्याचे काय झाले, जबानी द्यायची की नाही हे तिने कसे ठरवले, हे सगळे कल्पनेचेच काम आहे.

तिसरा आक्षेप असा की प्रेक्षकाला नाट्य हवे, प्रबंध नको. श्याम बेनेगल यांचा 'जुनून' १९७८ मध्ये नाट्य म्हणूनच गाजला. १८५७ च्या शहाजहानपुरात जावेद खान रूथ या अँग्लो-इंडियन मुलीसाठी वेडा झाला आहे, मुलगी आणि तिची आई मरियम त्याच्या घरात अडकल्या आहेत. मरियम अट घालते की बंडवाल्यांनी दिल्ली राखली तर लग्न. एका अटीने सारा ताण तिच्या हाती येतो. तिथे अत्याचार होण्याची भीती प्रत्येक क्षणी आहे आणि एकाही दृश्यात कॅमेऱ्याला फाटलेल्या कपड्यांची गरज पडत नाही. पडद्यावर जे दाखवले जाते ते कोणाच्या नजरेने, यावर सगळे ठरते. अत्याचाराचे दृश्य चित्रित करताना कॅमेरा तिच्या शरीरावर रेंगाळला, तर प्रेक्षक त्या शिपायाच्याच जागी उभा केला जातो. संतापासाठी केले असे सांगून हे सुटत नाही. ते दृश्य ठेवायचेच असेल तर तिला काय दिसत होते ते दाखवा.

म्हणून माझ्या विनंत्या अशा. ऐतिहासिक कलाकृतीच्या आरंभी 'काल्पनिक स्वातंत्र्य घेतले आहे' एवढे एक मोघम वाक्य न टाकता, बायकांवरच्या अत्याचाराचा जो प्रसंग आहे तो कागदावर सापडलेला की कल्पिलेला, हे स्पष्ट लिहा. गोखल्यांना जे भोगावे लागले त्यानंतर तरी हा काटेकोरपणा आपण पाळला पाहिजे, कारण एका खोट्या प्रसंगाचा फायदा घेऊन दहा खरे प्रसंग नाकारले जातात. संहिता पुरी झाली की ती पुन्हा वाचताना एकच तपासा: अत्याचारानंतर त्या बाईला किती प्रवेश आहेत, आणि त्यांत ती स्वतः किती बोलते. सत्ता दाखवायची तर तिची खाती दाखवा, छावणीची नोंदवही, लॉक हॉस्पिटल, न्यायालय, सेटलमेंटची हजेरी. एका साहेबाच्या डोळ्यातली वासना दाखवून राजवट दाखवल्यासारखे होत नाही. निर्मात्यांना आणि प्रकाशकांना वेगळे सांगणे आहे. तोफा, घोडे, कपडेपट आणि व्हीएफएक्स यांवर कोट्यवधींचा खर्च होतो, त्यातून एका अभ्यासकाचे वर्षभराचे मानधन सहज निघेल. तिला किंवा त्याला लेखकाबरोबर पुराभिलेखागारात, नागपुरात आणि चिमूरला पाठवा, आणि ते जे घेऊन येतील ते संहिता लिहिण्यापूर्वी वाचा.

आपला स्नेहांकित,
एक वाचक आणि प्रेक्षक